दोनशे सत्तेचाळीस नंबरची पाटी

३ मार्च

लेकाच्या ऑफिसातून उरलेली डायरी आणली. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे छापलेले वार चुकतात, पण एवढा गुळगुळीत कागद टाकून कसा द्यायचा. मी वारावर काट मारीन आणि आपली तारीख घालीन. आजपासून रोज लिहायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. शाळेत मी चौथीपर्यंत होते, अक्षरात माझा पहिला नंबर असायचा. बाकीच्या नंबरांचं विचारू नये.

लिहायला कारण असं की घरात मोठं काम निघालंय आणि ते कुणीतरी टिपून ठेवायला हवं. नात, म्हणजे लेकाची मुलगी, लांबच्या शहरातली बांधल्या पगाराची नोकरी सोडून घरी आली आहे. मागच्या खोलीत बसून मोजे विणायच्या मशीनला कॉम्प्युटर जोडते. कॉम्प्युटरने सांगायचं, मशीनने विणायचं. त्यासाठी तिने एक हिरवं कार्ड केलंय, तळहाताएवढं, वर मुंग्या बसल्यासारखे काळे ठिपके. टेबलाला एक छोटं गोल मशीनही आवळून बसवलंय. दिवसभर कटकट कटकट. मला तो आवाज फार आवडतो. सुनेला नाही आवडत, पण तिला कुकरची शिट्टीसुद्धा आवडत नाही.

एका मोज्यांच्या कारखान्याचे मालक २८ तारखेला हे काम बघणार आहेत. पसंत पडलं तर त्यांच्या सगळ्या मशीनांना हिचं कार्ड. नाही पडलं तर हिने मुकाट्याने जुन्या नोकरीवर परत जायचं, असं बापलेकीत ठरलंय. तिचा जुना साहेब खुर्ची रिकामी ठेवून बसलाय म्हणे.

जायचं असेल तर जाऊ दे. मी काही त्यात अडकलेली नाही. पण आली आहे तर काम नीट व्हायला हवं. म्हणून मी स्वतः लक्ष घालायचं ठरवलंय.

५ मार्च

काल लिहिलं नाही. चष्म्याची काडी सैल झाली होती.

आज सगळं शास्त्र समजून घेतलं. मी खुर्ची ओढून बसले तशी नात म्हणाली, आजी, तुला दहा मिनिटं. मला दहा पुष्कळ.

तर कॉम्प्युटरच्या आत एक कर्नल असतो. कर्नल म्हणजे मुकादम. त्याला विचारल्याशिवाय आत कुणी कुणाशी बोलायचं नाही. आता किबोर्ड आहे, प्रिंटर आहे, हे मोज्याचं मशीन आहे, यांची भाषा मुकादमाला कळत नाही आणि त्याची यांना. म्हणून मध्ये एकजण लागतो, इकडचं तिकडे समजावून सांगणारा. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी मनात बाईच धरते. दोन्हीकडचं सांभाळून घेणं पुरुषाला जमत नाही.

एवढ्या ड्रायव्हरांना मुकादम ओळखतो कसा, तर नंबराने. एक थोरला नंबर, एक धाकटा. थोरला ड्रायव्हरचा. धाकटा तिच्या हाताखालच्या मशीनचा, पहिलं मशीन, दुसरं मशीन, असा, फक्त मोजायला सुरुवात शून्यापासून. हे मला लगेच कळलं, कारण आमच्या सासरी तेच होतं. थोरल्या जाऊबाईंकडून गेल्याशिवाय धाकटीला चिमूटभर मीठ मिळायचं नाही.

आणि बाहेर दारावर पाटी असते. पाटीवर नाव, समजा ‘मोजा’, आणि नावाखाली नंबर. आपला प्रोग्राम पाटी वाचतो आणि त्या नंबरच्या खोलीत शिरतो. आत कोण बसलंय ते तो बघत नाही. हे नातीने दोनदा सांगितलं. आत कोण आहे ते तो बघत नाही, आजी. मी म्हटलं, कळलं गं, मी काय बहिरी आहे का.

दहा मिनिटांचा तास झाला. तिलाही बरं वाटलं असणार. घरात समजून घेणारं कोण आहे तिला.

६ मार्च, दुपारी

आज माझ्या हातून मोठी गोष्ट झाली.

नात पेचकस तोंडात धरून म्हणाली, आजी, एक नंबर सांग बरं, दोनशे चाळीस ते दोनशे चोपन्नमधला कुठलाही. हे नंबर प्रयोगासाठी मोकळे सोडलेले असतात म्हणे. कुठलाही, असं ती म्हणाली खरी, पण नंबर असा कुठलाही असतो का. पोराचं नाव ठेवताना कुणी म्हणतं का, कुठलंही ठेवा.

मी उठून अंगणाच्या दारापर्यंत जाऊन आले. दोनशे पन्नास फार शिष्ट. दोनशे चव्वेचाळीस म्हणताना दात हलतो. दोनशे बावन्न माझ्या नणंदेच्या शेजारणीसारखा वाटला, का ते सांगता येत नाही. शेवटी दोनशे सत्तेचाळीस ठरवला. म्हणताना तोंड कसं भरून येतं.

परत आले तर नातीने तोवर दोनशे चाळीस टाकून काम सुरू केलं होतं. मी म्हटलं, मग मला विचारलंस कशाला. तिने हसून बदलला. म्हणजे तिलाही पटला.

९ मार्च

दोन दिवस लिहिलं नाही. कामाचा ताण. कंपनीचं काम म्हटलं की असंच.

आज दोनशे सत्तेचाळीस नंबरवर पहिला मोजा निघाला. टाच नाही, पंजा नाही, सरळ नळी. लेक म्हणाला, हा मोजा नाही, ही चिलमीची पिशवी आहे. त्याला कामातलं सौंदर्य दिसत नाही, पहिल्यापासूनच. मी तो मोजा पायात घातला. गुडघ्याच्या वर आला आणि तिथून परत खाली आला. उबदार आहे.

टाच कशी वळवायची ते मी नातीला सुयांवर विणून दाखवलं. हिच्या मशीनला निम्म्या सुया थांबवून निम्म्या मागेपुढे चालवाव्या लागतात, नेमकं तेच मी साठ वर्षं हाताने करते आहे. तिने सगळं उतरून घेतलं. अशी शिकणारी पोर त्या लांबच्या शहरात खुर्चीवर बसवून काय करणार तो साहेब. पण ते असो.

११ मार्च

उंटराव आले होते. उंटराव म्हणजे नातीबरोबर काम करणारा मुलगा. खरं नाव वेगळं आहे, पण दारातून येताना तो मान अशी खाली घालतो की दुसरं काही सुचत नाही. गुणी आहे. मला अहो आजी म्हणतो. पण आज त्याने घात केला.

आल्या आल्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, हे काय, दोनशे सत्तेचाळीस लिहून ठेवलंय थेट? नात म्हणाली, तात्पुरतं रे, नंतर डायनॅमिक करणार आहे.

तात्पुरतं हा शब्द मी प्रथमच ऐकला.

मग त्याने मला समजावलं. आपण नंबर पक्का ठरवून गेलो, त्याला स्टॅटिक म्हणतात. आपल्या घरी तो चालतो. पण गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर त्या नंबरच्या खोलीत आधीच दुसरी ड्रायव्हर जाऊन बसली असली, तर मुकादम आपल्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतो, जागा नाही म्हणून. आणि मुकादम स्वतः जे नंबर वाटतो तेही नेमके याच मोकळ्या गठ्ठ्यातले, वरून खाली. तेव्हा भांडण होणारच. त्यापेक्षा मुकादमालाच म्हणायचं, बाबा, तू देशील तो नंबर घेते. याचं नाव डायनॅमिक.

मी म्हटलं, म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत जिथे गादी मोकळी दिसेल तिथे पडायचं, असंच ना. तो म्हणाला, अगदी बरोबर, आजी. मी टोमणा मारला होता.

मग मी विचारलं, पण मग दारावरची पाटी? नंबरच आधी माहीत नाही तर पाटी आधी करून ठेवणार कशी? तो म्हणाला, तोच त्यातला तोटा आहे. आधी आत शिरायचं, मिळालेला नंबर बघायचा आणि मग पाटी लावायची. त्यासाठी ती एक स्क्रिप्ट लिहिते आहे, म्हणजे पाटी आपोआप लावणारी चिठ्ठी.

बघा. घोडं पेंड खातंय ते इथेच. उद्या त्या मालकांनी विचारलं, तुमचा नंबर काय, तर ही काय सांगणार? माहीत नाही, बघून सांगते? ज्या बाईला स्वतःचा नंबर माहीत नाही तिला कोण काम देईल?

मी हा प्रश्न सोडणार नाही.

१३ मार्च

पक्क्या नंबरांचा फायदा बोलून पटत नाही, करून दाखवावा लागतो. म्हणून आज घरातल्या कपांना नंबर दिले. सुनेचं नखाला लावायचं लाल होतं, त्यानेच घातले. एक माझा, दोन लेकाचा, तीन सुनेचा, चार नातीचा. आजपर्यंत या घरात जो कप धुतलेला सापडेल तो घेऊन माणूस चहा पितो. म्हणजे इतकी वर्षं आम्ही डायनॅमिकमध्ये राहत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

सकाळ फार छान गेली. प्रत्येकाला आपापला कप.

दहा वाजता लेक म्हणाला, माझा कप खरकटा आहे. मी म्हटलं, मग धू. तो म्हणाला, चार नंबर स्वच्छ दिसतोय. मी म्हटलं, तो नातीचा. तो म्हणाला, ती तर बाहेर गेलीय. मी म्हटलं, गेली असली म्हणून काय झालं, तिचा कप तिचाच. कुणी बाहेर गेलं म्हणून लगेच त्याच्या जागेवर दुसऱ्याने बसायचं का. त्याने आपला कप धुतला.

तिसऱ्या प्रहरी उंटराव आले. त्यांना नंबर नव्हता. मी नियम मोडला असता तर सगळ्या प्रयोगावर पाणी पडलं असतं, म्हणून त्यांना चहा मापाच्या भांड्यात दिला. ते म्हणाले, आजी, स्टॅटिकचा दुसरा तोटा मी सांगायला विसरलो होतो. नात हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

एकंदर प्रयोग यशस्वी. लाल रंग मात्र संध्याकाळी घासताना निघून गेला. रंग हलका होता, तत्त्व पक्कं आहे.

१५ मार्च

नातीने डायनॅमिक करून टाकलं. मला न विचारता.

मी निषेध म्हणून सकाळपासून मौन धरलं. जेवणापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. जेवताना सून म्हणाली, आज घर कसं शांत शांत वाटतंय, बरं वाटतंय. मग मौनात काही अर्थ राहिला नाही.

दुपारी मी नातीपाशी जाऊन शेवटचं विचारलं. मालकांसमोर आपला दोनशे सत्तेचाळीसच असणार ना? तिच्या एका हातात तारा जोडायची तापलेली कांडी, दुसऱ्या हातात तार, डोळ्याला भिंग. ती म्हणाली, हो हो आजी, तुझाच नंबर.

झालं. मिटलं. माझ्यासमोर कबूल केलं. उंटरावांना काय वाटायचं ते वाटो.

१८ मार्च, दुपारी

आज कंपनीचा, म्हणजे नातीच्या कामाचा, फोन मी घेतला.

नात वायर आणायला गेली होती आणि कंपनीचा फोन चार्जिंगला लावून ठेवला होता. वाजला. तीनदा वाजला. गिऱ्हाईक ताटकळत ठेवणं बरं नव्हे. कारखान्यातून मिस्त्री बोलत होते, तिथली सगळी यंत्रं आणि कॉम्प्युटर तेच बघतात. त्यांनी विचारलं, अठ्ठावीस तारखेला तुम्ही येणार, त्याआधी आमच्याकडून काही तयारी करून ठेवायची आहे का.

आता याला उत्तर काय द्यायचं हे आख्ख्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी सांगितलं, हो आहे ना. दारावर ‘मोजा’ नावाची पाटी लावून ठेवा, थोरला नंबर दोनशे सत्तेचाळीस, धाकटा शून्य. मिस्त्री म्हणाले, नंबर फिक्स आहे का. मी म्हटलं, फिक्स म्हणजे काय, माझ्यासमोर ठरलाय. ते म्हणाले, मग मी असं करतो, कॉम्प्युटर चालू झाला की पहिल्यांदा पाटी लागेल असंच करून ठेवतो. मी म्हटलं, अशी लावा की कुणाच्या बापाला हलवता येऊ नये.

फोन ठेवताना म्हणाले, बरं मोठ्या मॅडम.

मोठ्या मॅडम. मी दोन वेळा आरशात बघून आले.

नातीला सांगितलं नाही. बिचारीच्या डोक्याला किती कामं. तिथे गेल्यावर तयार पाटी बघेल आणि चकित होईल. त्या स्क्रिप्टचाही त्रास वाचला.

२२ मार्च

तीन दिवस लिहिलं नाही. मुद्दामच. मोठ्या पदावरच्या माणसाने सगळंच लिहून ठेवू नये.

मोजा आता मोज्यासारखा दिसतो. टाच सुरेख बसते. घरात सगळ्यांच्या पायात एकेक नमुन्याचा मोजा आहे, दोन सारखे कुणाच्याच नाहीत. लेकाचा एक पाय हिरवा, एक करडा. तो तसाच ऑफिसला गेला आणि तिथे कुणी काही बोललं नाही याचं त्याला वाईट वाटलं.

जुन्या साहेबाचा पुन्हा फोन आला होता. लेकाने माळ्यावरून नातीची मोठी बॅग काढली आणि पुसून ठेवली. म्हणाला, नुसती पुसून ठेवतोय. पण रिकाम्या बॅगेला कुबट वास येतो, म्हणून मी माझी सगळी लोकर त्यात भरली. अर्धे विणलेले दोन स्वेटर पण टाकले. आता ती बंद होत नाही. मला हवी असेल तेव्हा मी काढीन, एवढी घाई काय आहे.

मला माझं एक कळत नाही. सुयांवर टाच वळवताना आज दोनदा टाके चुकले.

२७ मार्च

उद्या कारखान्यात जायचं. मीही जाणार. लेक म्हणाला, आई, तू कशाला. मी म्हटलं, टाच कुणाची आहे?

माझे उद्याचे नियम. एक, तोंड उघडायचं नाही. दोन, खुर्ची दिली तरच बसायचं. तीन, मालकांनी नंबरचं कौतुक केलं तर फक्त मान हलवायची.

२८ मार्च, सकाळी

निघतो आहोत. नातीने दोन वेळा कार्ड पिशवीत ठेवलं आणि दोन वेळा काढून बघितलं. मी निश्चिंत आहे. पाटी लागली आहे.

२८ मार्च, संध्याकाळी

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते. कुणाची बाजू घेत नाही.

कारखाना म्हणजे लांबच लांब दालन. तेलाचा आणि सुताचा वास. गोल मशीनांच्या रांगा, प्रत्येकाच्या डोक्यावर धाग्याच्या रिळांचा मुकुट. मला इतकं बरं वाटलं की तिथेच राहावं. मालक जाड भिवयांचे, कमी बोलणारे. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणजे दोन नंबरचा नियम पाळला गेला.

नातीने कार्ड बसवलं, ड्रायव्हर आत सोडली. उंटराव तिच्या मागे वाकून उभे. तिने मालकांना सांगितलं, आता मी मोजा विणायला सांगते, आणि बटण दाबलं.

मशीन हललं नाही.

कोपऱ्यात त्यांचा लेबलं छापायचा प्रिंटर होता, मोज्यांच्या पाकिटांवर चिकटवायच्या लेबलांचा. तो खर्रर्र करून सुरू झाला. लेबलं बाहेर पडायला लागली. त्यावर ना नाव ना किंमत, नुसती काडीकुडी, कोंबडी शाईत पाय बुडवून नाचावी तशी. नातीने पुन्हा बटण दाबलं. प्रिंटर दुप्पट जोरात. लेबलं टेबलावरून खाली, खालून मालकांच्या बुटांवर. मालक म्हणाले, मोजा कुठून निघणार आहे? इथूनच का?

मला क्षणभर वाटलं ही नवी पद्धत असेल.

मिस्त्रींनी धावत जाऊन प्रिंटरचा प्लग काढला. नातीच्या तोंडाचा रंग उडाला होता. ती वाकून स्क्रीनवर काहीतरी वाचत होती, मग एकदम सरळ झाली. म्हणाली, मुकादमाने आपल्याला दिलेला नंबर दोनशे सेहेचाळीस आहे. पण ‘मोजा’ची पाटी इथे आधीच लावलेली आहे, दोनशे सत्तेचाळीसची. पाटी आधीच दिसली म्हणून माझ्या स्क्रिप्टने नवी लावली नाही. आणि दोनशे सत्तेचाळीसच्या खोलीत या कॉम्प्युटरवर लेबलांचा प्रिंटर बसलाय. आपण विणायला सांगितलेले सगळे टाके तिकडे गेले.

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. माझ्या नंबरवर जाऊन बसायचं त्या प्रिंटरला काय कारण.

नातीने विचारलं, ही पाटी कुणी लावली. मिस्त्री म्हणाले, मीच लावली, तुमच्या ऑफिसातून मोठ्या मॅडमनी फोनवर सांगितलं होतं. मी विचारलंसुद्धा, फिक्स आहे का. फार ठाम होत्या.

मालक म्हणाले, कोण मोठ्या मॅडम.

मी छताच्या पंख्याकडे बघत होते. चांगला पंखा होता. तेवढ्यात घशात सुताचा कण गेला आणि मला खाकरावं लागलं. मिस्त्रींनी वळून बघितलं. म्हणाले, हाच आवाज.

नातीने माझ्याकडे बघितलं नाही. उंटरावांनी बघितलं, आणि मग तेही पंख्याकडे बघायला लागले. नात मालकांना म्हणाली, चूक आमच्याकडची आहे. मी आधी तपासून घ्यायला हवं होतं. पाच मिनिटं द्या.

आमच्याकडची म्हणाली. आजीची म्हणाली नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

तिने जुनी पाटी काढली, सेहेचाळीसची लावली, आणि मशीन फिरायला लागलं. पांढरा मोजा खाली उतरत आला, टाचेपाशी निम्म्या सुया थांबल्या, निम्म्या मागेपुढे गेल्या, टाच वळली. मालकांनी मोजा हातात घालून उलटा केला, टाचेवर अंगठा फिरवला, पुन्हा सुलटा केला. म्हणाले, टाच फार चांगली आहे. नियम पहिला आठवून मी गप्प बसले.

मग ते म्हणाले, मोजा मला पसंत आहे. प्रिंटर नाही पसंत. आज लेबलं छापली, उद्या माझं दुसरं काय चालू होईल मला ठाऊक नाही. म्हणून सगळी मशीनं आत्ता देत नाही. एक मशीन देतो. तुम्ही इथे दोन महिने राहा, माझ्या डोळ्यांसमोर चालवून दाखवा. कारखान्यामागे राहायला खोली आहे. मग बाकीच्यांचं बघू.

लेबलांचा गोंधळ झाला नसता तर आजच सगळी ऑर्डर मिळाली असती, असं उंटराव परतताना बसमध्ये म्हणाले. ती घरी बसून सगळी कार्डं करणार होती म्हणे. नात म्हणाली, जाऊ दे ना. आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

२९ मार्च

शांतपणे विचार केला. जुन्या नोकरीवर जायचं टळलं. म्हणजे मोहीम फत्ते. दोन महिने कारखान्यात राहणं हे काही जाणं नव्हे. त्याला कामावर असणं म्हणतात. मिस्त्रींना सूचना नीट द्यायला हव्या होत्या, पण फोनवर आवाज तुटत होता.

हात दाखवून अवलक्षण, असं सून स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाली. तिथे ती एकटीच होती.

कंपनीचा फोन आता नातीच्या खिशात असतो. चार्जिंगसुद्धा खिशातच करते की काय कोण जाणे.

३१ मार्च

नातीने बॅग उघडली. लोकरीचा एकेक गुंडा काढून माझ्या पलंगावर रचला, अर्धे स्वेटर घडी करून वर ठेवले. मग जवळ बसली आणि म्हणाली, आजी, तू मला विचारायचं होतंस गं.

मी म्हटलं, तू म्हणालीस हो हो, तुझाच नंबर. ती म्हणाली, मी म्हणाले होते? मी म्हटलं, कांडी हातात होती. ती हसली, मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ बसली. मला वाटतं तिचा राग गेला. मला वाटतं तो मुळात नव्हताच.

उद्या सकाळच्या बसने.

२ एप्रिल, सकाळी

फार आनंदाची गोष्ट. मला डायनॅमिक पटलं.

काल ती तिथे पोचली. आज मी तिच्या स्वतःच्या फोनवर फोन केला आणि कामाचंच विचारलं, आज मुकादमाने किती नंबर दिला. म्हणाली, थांब बघते. बघून म्हणाली, दोनशे पंचेचाळीस. मी म्हटलं, त्या दिवशी तर सेहेचाळीस होता. ती म्हणाली, सकाळी कॉम्प्युटर चालू करताना कोण आधी आत शिरतं त्यावर असतं, आजी. रोज बदलू शकतो.

रोज बदलू शकतो. केवढी सोय आहे ही. नंबर पक्का असता तर एकदा विचारून काम संपलं असतं. आता रोज विचारावं लागणार. मी तिला म्हटलं, हे कुणीतरी टिपून ठेवायला हवं, आणि ते मी करीन. मग ओघाने खोलीचं विचारलं. खोलीला खिडकी आहे. गादी कडक आहे. मिस्त्री चांगले आहेत, मोठ्या मॅडम बऱ्या आहेत ना म्हणून विचारतात. अर्धा तास बोललो.

आता मी हा नियमच केला. रोज सकाळी सातला फोन. कामासाठी.

४ एप्रिल

काल दोनशे सेहेचाळीस. दूध नासलं होतं तिचं. आज पुन्हा पंचेचाळीस, आणि तिला जरा सर्दी वाटते आहे. घाईत होती. म्हणाली, आजी, सातला मी नेमकी मशीनपाशी असते, हातात तेल असतं. मी म्हटलं, मग साडेसहाला करत जाईन. ती म्हणाली, नको, मी यावर काहीतरी करते.

काहीतरी करते म्हणाली. बहुतेक स्वतःच फोन करणार. शहाणी आहे.

६ एप्रिल, सकाळी सात

फोन वाजला नाही, नुसता टिंग झाला. मेसेज. दोनशे चव्वेचाळीस. एवढंच.

मी लेकाला दाखवला. तो खूश झाला. म्हणाला, बघ आई, तिने कॉम्प्युटरलाच सांगून ठेवलंय. तो चालू झाला की नंबर आपणहून तुला येणार, रोज. तुला फोन करायची कटकट नको.

मी उत्तर लिहिलं, सर्दी कशी आहे. अक्षरं शोधायला वेळ लागला. पाठवल्यावर लेक म्हणाला, अगं, ते तिला नाही जाणार. ते मशीनकडून येतं, तिकडून कुणी वाचत नाही.

वाट बघितली. काही आलं नाही.

७ एप्रिल, सकाळी सात

दोनशे सेहेचाळीस.